डी ड्राइव्हला टाकलंय, काळजी नको

आमच्या घरात विंडोज ९८ पासून एक समजूत चालत आलीये, की जे काय महत्त्वाचं असेल ते डी ड्राइव्हला टाकावं. सी, म्हणजे जिथे खुद्द विंडोज राहतं तो ड्राइव्ह, उडतो. कधी ना कधी उडतोच. व्हायरस येतो, विंडोज झोपतं, मग कॉम्प्युटरवाला पोरगा येतो, चहा पितो, "सी फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही" म्हणतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो. डी तसाच्या तसा. त्यामुळे माझ्या डोक्यात सी म्हणजे ओसरी आणि डी म्हणजे देवघर. ओसरीवर कोणीही येऊन पाय पसरून बसतं, देवघरात सगळं सोवळ्यात.

मी तर त्याच्याही वरताण. सीवरची फाइल दर आठवड्याला डीवर कॉपी करायचो आणि त्या फोल्डरचं नाव होतं "बॅकअप". त्याच्या शेजारी "बॅकअप जुना", त्याच्या पोटात "बॅकअप जुना नवीन". हे असं केलं की फार जबाबदार माणूस असल्यासारखं वाटतं, रात्री झोप छान लागते.

आता ही झोप उडाली कशी ते सांगतो. बापूकाकांनी चार वर्षांपूर्वी घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण काय तर "तू नाहीतरी दिवसभर त्या डबड्यापुढेच बसलेला असतोस". अकरा पिढ्या, सहाशेच्या वर माणसं, कोण दत्तक गेला, कोण ग्वाल्हेरला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला, कुठल्या सुनेचं माहेर कुठलं, सगळं एका फाइलमध्ये. पहिला भाग काकांनी पूर्वीच एका टायपिंगवाल्या बाईंकडून जुन्या मराठी फॉन्टमध्ये करून घेतला होता, मी पुढे त्यातच दामटत गेलो. फाइलचं नाव "कुलवृत्तांत फायनल", मग "फायनल नवीन", मग "फायनल नवीन काका सुधारणा" आणि शेवटी "हेच घ्या".

मे महिन्यातली दुपार. लॅपटॉपमधून आवाज आला, टक. थांबून परत, टक टक. मला वाटलं पाल चुकचुकली. बायको म्हणाली पाल नाही, तुमचं मशीन आहे. तोवर स्क्रीन काळी आणि वर पांढऱ्या अक्षरात दोन ओळी, ज्याचा अर्थ एवढाच की मला डिस्क सापडत नाही, तुम्हाला दिसली का. मी शांत. म्हटलं सी गेला असेल, डीवर सगळं आहे. हिंजवडीला आयटीत असलेल्या भाच्याला फोन केला आणि जरा ऐटीतच सांगितलं की बॅकअप आहे रे माझ्याकडे, डीला.

तो दोन सेकंद काही बोललाच नाही.

"मामा, तुझ्या लॅपटॉपमधले सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत. डब्यात पोळी एका कप्प्यात आणि भाजी दुसऱ्या कप्प्यात ठेवली, आणि डबाच बसमध्ये राहिला. आता भाजी कुठे आहे?"

वीस-पंचवीस वर्षं मी एकाच खोलीत पडदा लावून त्याला ओसरी आणि देवघर म्हणत होतो!

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या जागेत पण होतं की, मला आठवलं. आणि लगेच पुढचंही आठवलं. ते १५ जीबी जे फुकट मिळतात ना, ते मेल, फोटो आणि गूगल ड्राइव्ह तिघांत मिळून असतात, आणि माझ्या जागेत मावशीची शुभ सकाळ, शुभ गुरुवार आणि दव पडलेली गुलाबं हीच मंडळी ठाण मांडून बसली होती. जागा संपल्याचा मेसेज यायला लागला तेव्हा मीच मार्चमध्ये आवराआवरी केली होती. गुलाबांची एवढी मोठी रांग कोण निवडत बसणार, म्हणून "बॅकअप" नावाचा एक मोठा फोल्डर दिसला तो उडवला, कारण तो तर डीला आहेच. तिथल्या कचराकुंडीत उडवलेलं ३० दिवस राहतं. मी शोधायला गेलो तेव्हा मे संपत आला होता. गुलाबं मात्र आहेत, कोणाला हवी असतील तर सांगा.

मग इंटरनेटवर वाचलं की बंद पडलेली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की थोडा वेळ चालते. हे करू नका, आत ओल धरते, पण बुडत्याला काडी. सकाळी बायकोने मटारच्या पिशवीऐवजी ती पिशवी बाहेर काढली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, कुलवृत्तांत. तिने शांतपणे परत आत ठेवला.

शेवटी डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क कानाला लावली, डॉक्टर छाती तपासतात तशी, आणि म्हणाला, "हेड गेलंय." इथे उघडता येत नाही, मुंबईला पाठवावी लागते, तिथे धूळ नसलेल्या बंद खोलीत उघडतात, कारण डिस्कची चकती आणि वाचणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर असतं, धुळीचा एक कण आत गेला तरी ओरखडा. मग याच मॉडेलची दुसरी चालू डिस्क शोधायची आणि तिचं हेड हिला बसवायचं.

"म्हणजे अवयवदान?"

"तसंच. फक्त दात्याचे पैसेपण तुम्हीच द्यायचे." आणि पावती लिहिता लिहिता, मान वर न करता, "फ्रीझरमध्ये ठेवली होती ना?"

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, सगळे नाहीच म्हणतात.

अठरा हजार रुपये आणि तीन आठवडे गेल्यावर एक पेन ड्राइव्ह हातात आला. त्यात चौदा हजार फाइली आणि एकीलाही नाव नाही. फाइलींची नावं जिथे लिहिलेली असतात तो भागच गेला होता म्हणे, म्हणून नुसते नंबर. चौदा हजार अनाथ मुलं एका रांगेत उभी आणि त्यातलं आपलं कुठलं ते ओळखायचं! चार रात्री बसलो. विजेची बिलं, मुलाचा पाचवीतला प्रकल्प, २०११ सालचा माझाच बायोडेटा (त्यात माझा छंद "वाचन व ट्रेकिंग" असा होता, खोटारडा), आणि पाचव्या रात्री सापडली. उघडली तर पडद्यावर नुसती उलटीसुलटी चिन्हं, मध्ये एखादा डॉलर, कुठे उद्गारवाचक. ज्या जुन्या फॉन्टमध्ये सगळं टाइप केलं होतं तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असा, नव्हता, त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट असला तरच मराठी दिसतं. आणि फॉन्ट होता सीवर. फॉन्टचा बॅकअप घ्यायचा असतो हे कोणाच्या बापाला सुचेल? भाच्याने कुठूनतरी तो मिळवून दिला तेव्हा कळलं की सहाव्या पिढीपर्यंतच फाइल धड आहे, पुढे कोरं. म्हणजे मी, माझे वडील, आजोबा, आम्ही कोणी झालोच नव्हतो.

आता बापूकाकांना सांगणं आलं. त्यांच्याकडे जाताना अर्धा किलो बाकरवडी घेतली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, बाकरवडीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि कपाटातून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला. आत वह्यांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानाची, मी विचारायला फोन करायचो तेव्हा वहीत लिहून घेतलेल्या सुधारणांसकट.

"अशा तीन आहेत. एक इथे, एक नागपूरला सुमनकडे, एक सांगलीला दादांकडे. सांगलीची २०१९ च्या पुरात भिजली, मग परत काढून पाठवली."

मी म्हटलं, काका, तीन कशाला?

"मी नऊ वर्षांचा होतो पानशेतचं धरण फुटलं तेव्हा. १२ जुलै १९६१. आपलं घर नारायण पेठेत, नदीकडच्या अंगाला. आजोबांनी जमवलेले सगळे कागद ट्रंकेत होते, आणि ट्रंक माळ्यावर, म्हणजे एकदम सुरक्षित." ते माझ्याकडे बघून हसले. "चिखल उपसायलाच आठवडा गेला. जे काय उरलं ते वाईच्या आत्याकडे हातानं उतरवून पाठवलेलं तेवढंच."

माळ्यावरची ट्रंक म्हणजे आमच्या आजोबांचा डी ड्राइव्ह.

भाच्याला हे सांगितलं तर तो उडालाच. म्हणाला मामा, याला आमच्यात थ्री-टू-वन म्हणतात, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी, तिला ऑफसाइट म्हणतात. वर म्हणाला तू मनाला लावून घेऊ नकोस, ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस उडवला, सुमारे ३०० जीबी, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. वाचले कशामुळे, तर सहा तास आधी कोणीतरी सहज हाताने एक कॉपी काढून ठेवली होती. आणि ती सगळी दुरुस्ती ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवत होते! मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, सहज हाताने काढणाऱ्याला पगारवाढ दिली का?

मग मी पण कंबर कसली. सगळं परत टाइप केलं, या वेळी युनिकोडमध्ये, पावसाळा गेला त्यात. दोन एक्स्टर्नल डिस्क आणल्या, एक टीबीच्या. लावल्यावर ९३१ जीबीच दिसले म्हणून दुकानात जाऊन भांडून आलो, ६९ जीबी कुठे गेले म्हणून. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, हे त्याने कागदावर गणित करून दाखवलं तेव्हा गर्दी जमली होती. एक डिस्क घरी ठेवली, एक चिंचवडला ताईकडे, तिच्या लोखंडी कपाटात पैठणीखाली, म्हणजे हात लावायची कोणाची टाप नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉपी. भाचा म्हणाला, नुसती घेऊन उपयोग नाही, परत काढून उघडूनपण बघायची असते, लोक इथेच फसतात.

गेल्या रविवारी बघायला गेलो. ताईने पैठणीखालून डिस्क काढून दिली, लावली. आत तीन वेब सिरीज, पाचही सीझन, सबटायटलसकट. बाकी काही नाही.

भाचा आतल्या खोलीतून केस पुसत बाहेर आला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मामा... ती ऑफसाइट होती होय?"