हुकूमनामा झालाय? मग पेढे वाटा!

दावा हरलात? अभिनंदन. भाडेपट्ट्याची 30 वर्षं केव्हाच सरली, तुमची लाकडाची वखार मात्र जागेवर उभी आहे. आता कोर्टाने 'ताबा द्या' असा हुकूमनामा दिलाय, एवढंच ना? हुकूमनामा मालकाच्या पिशवीत, जागा तुमच्या बुडाखाली. पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1872 मध्येच सांगून ठेवलंय. मालकाच्या अडचणी हो, तुमच्या नव्हेत.

मालक दरखास्त लावेल, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून द्या असा कोर्टाकडे अर्ज. त्याला 12 वर्षांची मुदत आहे, उगाच घाई करू देऊ नका. आधी चतुःसीमेवर हरकत घ्या. हुकूमनाम्यात पूर्वेला 'गाडीवाट' आहे आणि तिथे आज डांबरी रस्ता आहे, तेव्हा ही मिळकत तीच कशावरून? मोजणी मागा. मोजणी झाली की तीही चुकीची असतेच.

खरा हुकमाचा पत्ता म्हणजे मेहुणा. दिवाणी प्रक्रिया संहितेत दरखास्तीसाठीच्या ऑर्डर 21 मध्ये 106 नियम आहेत, तुम्हाला ताब्यातल्या अडथळ्याचा 97 वा पुरे. कब्जा वॉरंट घेऊन कोर्टाचा बेलिफ येईल त्या सकाळी मेहुणा वखारीच्या दारात खाट टाकून पडलेला हवा. "मी माझ्या हक्काने इथे आहे, हुकूमनाम्यात माझं नावच नाही." (पाठ करून घ्या, ऐनवेळी तो "दाजींनी सांगितलं" म्हणतो.) बेलिफ अडथळ्याचा अहवाल लिहून परत. मग मालकाचा अर्ज, मेहुण्याचं म्हणणं, साक्षी, उलटतपास. वेगळा दावा नको म्हणून कायद्याने हे सगळं दरखास्तीतच उरकायला सांगितलंय, म्हणून दरखास्तीचाच दावा होतो. मेहुणा हरला तर त्या आदेशाला हुकूमनाम्याचा दर्जा. म्हणजे अपील!

दरखास्ती 6 महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, 2025 मध्ये पुन्हा बजावलं. त्या ऑक्टोबरात देशभर 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती पडून होत्या. त्यातल्या 3 लाख 41 हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत, देशात पहिला नंबर. मराठी माणूस मागे पडतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

अपिलात स्टे मागताना मात्र जपून. 2004 च्या एका निकालापासून कोर्ट स्टेच्या बदल्यात बाजारभावाच्या भाड्याइतके पैसे भरायला लावू शकतं. वखारीचं भाडं पट्ट्यातलंच, महिना 150 रुपये, असं ठासून सांगा. फक्त शेजारच्या शोरूमचा भाडेकरार मालकाच्या वकिलाच्या हाती लागता कामा नये.

लागला? मग मेहुण्याला उठवा आणि खाट टेम्पोत घाला.