पायरी उतरली की समुद्र

गेल्या महिन्यात वाशीच्या एका मालमत्ता प्रदर्शनात कोकणातले प्लॉट विकणाऱ्या स्टॉलसमोर मी जवळजवळ अर्धा तास उभा होतो. टेबलावर पसरलेल्या रंगीत नकाशात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये माझ्या करंगळीएवढी पिवळी पट्टी होती. त्या पट्टीवर तीन-तीन गुंठ्यांचे चौकोन आखले होते. "काका, पायरी उतरली की समुद्र," असे तिथला मुलगा उत्साहाने सांगत होता. भरतीरेषा कुठे येते, असे विचारल्यावर त्याने क्षणभर नकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "पुढे सरकारी बंधारा होणारच आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका." ही पोस्ट त्या एका वाक्याबद्दल, म्हणजे समुद्राच्या लाटा अडवणाऱ्या भिंतीच्या भरवशाबद्दल आहे.

बंधाऱ्यावरचा विश्वास आपल्या अंगवळणी पडला आहे, कारण आपण नवी मुंबईकर आहोत. आपल्या कितीतरी वसाहती खाडीकाठच्या सखल जमिनीवर उभ्या आहेत, आणि धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणारे तलाव) व भरतीला बंद होणारे दरवाजे यांच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो. (भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की काय होते, ते इथल्या तळमजल्यावरच्या मंडळींना विचारावे.) परंतु खाडीचा चिखल वेगळा आणि उघड्या समुद्राची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, वेगळी. पुळण हलती असते, म्हणूनच ती टिकते. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून उथळ पाण्यात नेऊन ठेवतात आणि पाऊस सरल्यावरच्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. वाळूची अरुंद बेटे आणि दांडे (पाण्यात शिरलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्या) तर वादळात पाणी वरून वाहू देतात, समोरची वाळू मागे टाकतात आणि अशा रीतीने स्वतःच जमिनीच्या दिशेने सरकत राहतात. यात नुकसान असे काही नसते. त्या सरकत्या जागेवर आपण न सरकणारे काही बांधले, की त्याच क्रियेला आपण "धूप" म्हणू लागतो.

एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेले मालवणजवळचे देवबाग हे आपल्या ओळखीचे उदाहरण. रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरणारे आपल्यातले अनेक जण तिथे राहून आले असतील. आम्ही उतरलो होतो त्या घराला समुद्राच्या बाजूने पाच पायऱ्या होत्या. शेवटची पायरी वाळूपासून हातभर वर अधांतरी राहिली होती आणि शेजारच्या माडाची मुळे तांबड्या सुतळीच्या गुंत्यासारखी उघडी पडली होती. घरच्या काकींनी पाण्याकडे हात करून एवढेच सांगितले, "थंयसर सुरूची झाडां होती, आता पाणी आसा." दगडी बंधाऱ्याची मागणी तिथले ग्रामस्थ वर्षानुवर्षे करत आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या माणसाचे घर वाचवणे हे सरकारचे कामच आहे. माझा आक्षेप आहे तो उद्याच्या बंधाऱ्याच्या भरवशावर आज प्लॉट विकण्याला.

कारण बंधारा इमारत वाचवतो, किनारा वाचवत नाही. भिंतीवर आपटून परतणारी लाट तिच्या पायथ्याची वाळू उपसून नेते, पुढची पुळण खचत जाते आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याची जमीन अधिक वेगाने कापली जाते. म्हणजे ज्या वाळूसाठी पर्यटक येतो, तीच प्रथम जाते. मेक्सिकोतील कानकुन हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. कॅरिबियन समुद्र आणि निचुप्ते सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या बेटावर १९७० च्या दशकापासून सरकारी योजनेने हॉटेलांची रांग उभी राहिली, तीही नेमकी वाळूच्या टेकड्यांच्या जागी. २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळाने तिथला किनारा खरवडून नेला. पुढच्याच वर्षी समुद्रतळातून वाळू उपसून तो पुन्हा भरला, त्यातली बरीच वाळू वाहून गेली, आणि २०१० च्या सुमारास पुन्हा भरावा लागला. मधल्या काळात, २००९ साली, एका हॉटेलासमोरची वाळू बेकायदा जमवलेली असल्याचे सांगून सरकारने तेवढा किनाराच फीत लावून सील केला होता. वाळूचोरी आपल्याकडेच होते, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

अमेरिकेत केप हॅटरासचे दीपगृह १८७० मध्ये बांधले तेव्हा समुद्र त्याच्यापासून सुमारे ४५० मीटर दूर होता. शंभर वर्षांत ते अंतर ४० मीटरच्याही आत आले. शेवटी १९९९ मध्ये ते अख्खे दीपगृह उचलून रुळांवरून जवळजवळ ८८० मीटर आत नेले. दीपगृह एकच होते म्हणून हे जमले. रिसॉर्टची अख्खी रांग कोण उचलणार? मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिथला १९८२ चा कायदा. त्यात बांधकामावर बंदी नाही. ठरवून दिलेल्या, तोवर मोकळ्या असलेल्या वाळूच्या बेटांवर नवे बांधकाम करणाऱ्याला केंद्र सरकारचा पूरविमा आणि बहुतेक केंद्रीय अनुदाने मिळणार नाहीत, एवढेच तो सांगतो. धोका तुमचा, तर खर्चही तुमचा.

आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारणपणे २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने, जिथे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक आहे, तिथे हे अंतर ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. जमीन कातळाची आहे की वाळूची, याचा त्या अंतराशी संबंध नाही.

या बाजारातले गिऱ्हाईक मुख्यतः आपणच, ठाणे-नवी मुंबईकर, आहोत. माडांच्या बागेमागच्या घरात उतरून किनाऱ्यापर्यंत दहा मिनिटे चालण्याची आपली तयारी असेल, तर पहिल्या रांगेचा भाव आपोआप उतरेल. आणि वाळूच्या दांड्यावर नव्याने बांधणाऱ्याला पुढे सरकारी खर्चाने बंधारा मिळणार नाही, असे परवानगीच्या कागदावरच लिहून घेतले पाहिजे.

त्या मुलाचा मेसेज अजून दर आठवड्याला येतो. परवाच्या मेसेजमध्ये पहिल्या रांगेतले सगळे प्लॉट गेल्याचे कळवले आहे.