पंखा कुठलाय?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एकाच प्लेटवर बारा बटणं आहेत. सगळी पांढरी, सपाट, एका मापाची, ओळीने. इंटिरिअरवाल्याच्या भाषेत ‘क्लीन लूक’. ट्यूब लावायला जावं तर बाल्कनीतला दिवा लागतो, तो बंद करायला जावं तर वायफाय जातं. वायफाय गेलं की मुलगा खोलीबाहेर येतो, तेवढा एक फायदा.

परवा पंचवटीहून मावशी आली. घामाघूम. "पंखा लाव रे आधी," म्हणाली. मी बोर्डासमोर उभा राहिलो आणि पेटीवाल्यासारखी बोटं फिरवायला लागलो. छतातले छुपे दिवे लागले, विझले. टीव्ही चालू झाला. पंखा ढिम्म. मावशी पदराने वारा घेत म्हणाली, "घर तुझंच आहे ना?" शेवटी कळलं, पंख्याचं बटण मघाशीच दाबलं गेलं होतं, रेग्युलेटर शून्यावर होता!

वायरमनला बोलावलं. "साहेब, वायरिंग एकदम ओके आहे. होईल सवय." आपल्याकडची निम्मी यंत्रं, सगळे फॉर्म आणि यच्चयावत वेबसाइटी या एका वाक्यावर चालतात.

डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८८ साली याच दुखण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यात शेगडीचं उदाहरण आहे: बर्नर चार, चौकोनात मांडलेले, आणि त्यांचे नॉब मात्र एका रांगेत. मग कुठला कुणाचा? नॉबही चौकोनात मांडा, लेबलाची गरजच नाही. दिव्यांची बटणंही खोलीच्या नकाशावर, जिथल्या तिथे बसवावीत, असं ते म्हणतात. हे मी वायरमनला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "तशी प्लेट येत नाही."

मग मुलीने लेबलं चिकटवली. एल-१, एल-२, एफ-१. इंजिनिअरिंगला आहे, काय करणार. मावशीने चष्मा लावून ती वाचली आणि काढून ठेवला.

मावशीचा जन्म गोदाघाटाजवळ गेलाय. पूर आला की बातम्यांत गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, असं सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. गुणाकार करत कोण बसतंय? गोदावरीच्या पात्रात मारुतीची उंच मूर्ती उभी आहे; नाशिककर एवढंच विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्यापर्यंत म्हटलं तर चहा घेऊन निवांत पूर बघायला जायचं. कमरेला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवणार. गळ्याशी आलं की सराफ बाजारात, भांडी बाजारात धावपळ. ना आकडा, ना लेबल, ना माहितीपुस्तिका. शिवाय तोंडं दोन, म्हणजे कुठल्याही बाजूने बघा.

जाताना मावशीने पर्समधून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं, एक टिकली पंख्याच्या बटणावर चिकटवली आणि लिफ्टकडे निघाली. आता घरात सगळे ‘टिकलीचं बटण’ म्हणतात आणि पंखा पहिल्या फटक्यात लागतो. फक्त रेग्युलेटर शून्यावर कोण ठेवतं, यावरून रोज भांडण होतं.