हरले की सुचतात सूचना

रविवारी दुपारचा चहा झाला की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या पुढच्या खोलीत चौघं जमतो. एक लॅपटॉप, एक माऊस, भडंगाची परात आणि वेस्नॉथ. पूर्ण नाव द बॅटल फॉर वेस्नॉथ. एल्फ, ऑर्क, बुटके, सांगाडे, सगळा बाजार आहे त्यात. 2003 पासून चालत आलेला फुकटचा गेम, जुन्या लॅपटॉपवर पळतो, नेट नसलं तरी एकाच मशीनवर पाळीपाळीनं खेळता येतो. पावसात लाईट गेली तरी बॅटरीवर निम्मी लढाई होते. ह्याच्यावर माणसाला आणखी काय पाहिजे सांगा.

आमच्यातल्या दोघांना पाहिजे. तेही हरल्यावरच.

नियम असा की जो हरेल त्यानं पुढच्या रविवारी पाव किलो कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, आणायचा. आता कुंदा म्हटल्यावर खिशात हात घालायला लागतो. आणि खिशात हात गेला रे गेला की ह्या दोघांच्या डोक्यातून गेम सुधारायच्या आयडिया बाहेर पडायला लागतात. जिंकलेल्या दिवशी एकानंही आजपर्यंत एक सूचना केलेली नाही. एकही नाही! त्या दिवशी गेम एकदम परफेक्ट असतो.

निपाणीवाल्याची सूचना ठरलेली. "हे नशीब काढून टाकाय पाहिजे गा ह्यातलं." का? तर त्याच्या मेजनं, म्हणजे जादूगारानं, माझ्या सांगाड्यावर तीन वार केले आणि तिन्ही हुकले. मेजचा नेम सत्तर टक्के, समोरचा किल्ल्यात असू दे नाहीतर झाडीत. "सत्तर टक्के म्हणतंय आणि तिन्ही चुकतात? फसवालाय हा गेम!" अरे मर्दा, सत्तर टक्के म्हणजे दहातले तीन हुकणार, हे त्या आकड्यातच लिहिलंय की. तीनच्या तीन हुकायची शक्यता 2.7 टक्के, म्हणजे असे सदोतीस हल्ले केलेस तर सरासरी एकदा होतंच. चार तासांत चौघं मिळून हल्ले किती करतो, मोजलंस कधी? आणि तोच मेज आदल्या रविवारी तिन्ही वार लावून माझा सरदार पाडून बसला होता, तेव्हा हा खुर्चीवर उभा राहून नाचला. तेव्हा नशीब नव्हतं. तेव्हा काय होतं म्हणे, "स्किल".

मी त्याला गेममधला आकडेवारीचा तक्ता उघडून दाखवला. किती नुकसान व्हायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात किती झालं, दोन्ही त्यात येतं. त्याचं अपेक्षेपेक्षा चांगलं चाललं होतं. नशीब त्याच्याच बाजूला होतं आणि तरी हा हरला. तक्ता बघून काय म्हणाला? "तक्ता पण चुकीचा आहे. हेही सुधाराय पाहिजे."

डोकं आपटून घेऊ कुठं?

दुसरा खानापूरचा. हा शांतपणे सूचना करतो, म्हणून जास्त राग येतो. मोहीम खेळताना जुना कसलेला सैनिक परत बोलवायला 20 सोनं लागतं, ते 10 करा म्हणे. का, तर 14 सोन्यात नवा भालाईत मिळतो, मग 20 कोण देणार. अरे, तो नवा भालाईत पहिल्या लेव्हलचा, आणि तू ज्याला घरी बसवलास तो तिसऱ्या लेव्हलचा! सहा सोन्यासाठी रडतोस आणि मग त्याच भालाइतांची रांग लावून मरायला पाठवतोस. दुसरी सूचना, लेव्हल वाढली की जखमी सैनिक एकदम ठणठणीत बरा होतो ते बंद करा. हे त्यानं कधी सांगितलं? माझा सैनिक लेव्हल वाढून बरा झाला तेव्हा. दहा मिनिटांनी त्याचा झाला, तेव्हा तोंडात भडंग कोंबून गप्प.

आणि ह्या सगळ्यांचा कळस म्हणजे हल्ला मागे घ्यायची सोय पाहिजे. चाल मागे घेता येते, ती आहेच. पण वार करून झाला, फासे पडले, निकाल लागला, आणि मग "थांब थांब, ते नको होतं मला"? हे बुद्धिबळात करून बघ, समोरचा पट उलटा करेल. सोय नाही म्हणून खानापूरकरानं काय केलं ऐका. मी आत चहा गाळायला गेलो तेवढ्यात ऑटोसेव्ह उघडून सगळी पाळी परत खेळला. मी आलो तर माझे दोन सैनिक गायब. विचारलं तर म्हणतो, "रात्रीच मेले की ते." गेममध्ये तेव्हा भर दुपार होती!

चौथा आमच्या मागच्या गल्लीतला, कन्नड घरचा. वार हुकला की कपाळावर बोट फिरवून "हणेबरह", म्हणजे नशिबात लिहिलेलं, एवढंच म्हणतो, हसतो आणि पुढची चाल खेळतो. कुंदाही सगळ्यात जास्त वेळा त्यानंच आणलाय. त्याच्याकडून सूचना शून्य. असला माणूस एक आहे म्हणून आमची रविवारची बैठक टिकली आहे.

आता खरं दुखणं सांगतो. वेस्नॉथमध्ये नकाशे करायचा एडिटर आहे. ज्याला जे पाहिजे ते त्यानं बनवावं, सगळं खुलं आहे. म्हणून मी पाच रात्री बसून नकाशा केला. षटकोनी घरं एकेक भरत. वर मार्कंडेय नदी, एका बाजूला खानापूरची झाडी, खाली येळ्ळूर आणि त्याच्यावर राजहंसगड. गडावर किल्ला, बुरुजाच्या बाजूला डोंगर, खाली भाताची शेतं. पावसाळ्यातली शेतं म्हणून मी तिथं सरळ दलदल टाकली. गुडघाभर चिखल असतो की हो, आणखी काय टाकणार?

रविवारी कौतुकानं उघडून दाखवला. निपाणीवाल्यानं नकाशा बघायलाही वेळ घेतला नाही. तीन हेवी इन्फन्ट्री घेतली, 19 प्रमाणे 57 सोनं, आणि तिन्ही सरळ शेतात घातली. चिलखत घातलेला माणूस भाताच्या चिखलात! एकेक घर ओलांडायला त्याची अख्खी चाल जाते. वर रात्र पडली. रात्री माझ्या सांगाड्यांचा आणि मांत्रिकांचा मार 25 टक्क्यांनी वाढतो, त्याच्या माणसांचा तेवढाच घटतो. आकाश काळं झालेलं स्क्रीनवर दिसतंय, वर चंद्र दिसतोय, तरी हा पुढेच चाललाय. रात्री गावात शिरून बसायचं, तिथं जखमाही भरतात, उजाडलं की बाहेर पडायचं, एवढं साधं आहे. तीन पाळ्यांत तिन्ही गेले.

मग काय, सूचना. नकाशा बोगस आहे. शेतं काढ. नदीवर पूल दोन कर. गडाचा डोंगर कमी कर. तोफा पाहिजेत. एल्फना मराठी नावं दे. रात्र नकोच. मी मोजल्या, चौदा. पाच रात्रींची माझी मेहनत आणि चाळीस मिनिटांत ह्यांच्या चौदा सूचना. सूचना करायला माझी ना नाही हो. पण एकदा नीट खेळ, दुसऱ्या बाजूनं खेळ, कुठं अडलं ते जपून ठेवलेल्या रिप्लेत दाखव, मग बोल. हे काय, ढुंगणाखालचा पाट टोचला की अख्खं घर पाडा!

आवाज वाढले तशी आई बाहेर आली. तिचं माहेर येळ्ळूरचं. चष्मा कपाळावर ढकलून तिनं स्क्रीनवर वाकून बघितलं.

"हे काय रे?"

"भाताची शेतं, येळ्ळूरची."

"आणि बांध कुठाय?"

"कसला बांध?"

"शेताला बांध नाही होय? माणसं काय चिखलातनं चालतात? आमचे बाबा डोक्यावर भारा घेऊन बांधावरनं पळत जायचे." एवढं बोलून ती आत गेली, कुकरची शिट्टी झाली होती.

निपाणीवाला टुणकन उठला. "बघ! काकी पण तेच सांगालीत! मी हेच म्हणत होतो!" तू हे म्हणत नव्हतास. तू शेतं काढ म्हणत होतास, रात्र काढ म्हणत होतास, तू तोफा मागत होतास! बांध हा शब्द तुझ्या तोंडातनं बाहेर पडला नव्हता. पण आता गावभर हेच सांगत फिरणार.

रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "पंधरावी सूचना. भात काढून ज्वारी लाव, जमीन कोरडी पाहिजे." खाली हसरा चेहरा. कुंदा अजून आणलेला नाही ह्यानं, मागच्या रविवारचा पण बाकी आहे.

मी एडिटर उघडला. भात आहे तिथंच आहे. फक्त येळ्ळूरपासून गडाच्या पायथ्यापर्यंत शेतांमधून एक घर रुंदीची कोरडी वाट काढली, मध्ये दोनदा वाकडी, कारण बांध सरळ नसतो. आणि वाटेच्या टोकाला, गड चढतो तिथं, झाडीत माझे दोन सांगाडे आधीच उभे केलेत.