मामाची ठासणी, माझा बोल्ट

कोकणातून मामाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्या टेबलावर दोन रायफलींच्या ॲक्शन पडलेल्या होत्या. नळी नाही, दस्ता नाही, नुसता पोलादी सांगाडा आणि त्यात मागेपुढे सरकून काडतूस नळीत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट. मामानं विचारलं, "हे काय रे, सायकलचा पंप?"

मी अमेरिकेत, मोंटाना राज्यात राहतो. इथे हरणाच्या कुळातला एल्क असतो, आपल्या सांबरापेक्षा बराच मोठा. त्याच्या शिकारीचे सात हंगाम मित्राच्या रायफलीवर काढले. आता स्वतःची जुळवून घेतोय. तयार रायफल न घेता जुळवायची म्हटलं की पहिला प्रश्न ॲक्शनचा. नळी झिजली तर बदलता येते, दस्ता बदलता येतो, चापसुद्धा. ॲक्शन मात्र जन्माची. इथला कायदाही तिलाच बंदूक मानतो. नंबर तिच्यावर, दुकानातून घेताना भरायचा फॉर्म तिच्यासाठी. नळी आणि दस्ता पुस्तकासारखे कुरिअरनं घरी येतात. आपल्याकडे सुटे भागही शस्त्रातच मोजतात, त्यामुळे 'ॲक्शन निवडणं' हा प्रकारच मामाला समजावून सांगावा लागला.

टेबलावरची पहिली रेमिंग्टन ७०० होती. १९६२ सालचा आराखडा, गोल रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा), आणि तिला बसणारे दस्ते, चाप, दुर्बिणीचे बेस इतके मिळतात की नव्या महागड्या ॲक्शनही तिच्याच मापाच्या काढतात. दुसरी विंचेस्टर मॉडेल ७०, नव्वदच्या दशकातली, सेकंडहँड. मूळ मॉडेल १९३६ चं, आणि त्याच्या बोल्टची आई म्हणजे १८९८ ची जर्मन माउझर.

दोघींतला खरा फरक बोल्टच्या तोंडाशी आहे. रेमिंग्टनचा बोल्ट काडतुसाला नुसता मागून ढकलतो. पकड बसते ती बोल्ट पुढे जाऊन बंद होताना. माझ्या या मॉडेल ७० च्या बोल्टच्या अंगावर लांब पोलादी पंजा आहे. काडतूस खालच्या पेटीतून, म्हणजे मॅगझिनमधून, वर आलं की त्याची कड पंज्यात सरकते आणि ते फेकलं जाईपर्यंत सुटत नाही. मी दोन्हींत डमी काडतुसं भरून मामासमोर करून दाखवलं. रेमिंग्टनचा बोल्ट अर्ध्यावर नेऊन मागे ओढला, तर पहिलं काडतूस तिथेच आडवं पडून राहिलं आणि पुन्हा ढकलल्यावर दुसरं त्याच्या बुडावर जाऊन अडकलं. मॉडेल ७० मध्ये तोच चुकार हात केला, तर पंज्यानं काडतूस परत आणून बाहेर टाकलं.

हा नुसता टेबलावरचा खेळ नाही. तिसऱ्या हंगामात, बोटं बधिर झालेली असताना, माझा बोल्ट असाच अर्ध्यावरून फिरला. एल्क आधीच जखमी होता. अडकलेली दोन काडतुसं नखानं काढेपर्यंत तो झाडीत शिरला होता. सापडला, पण चार तासांनी. चूक रायफलीची नव्हती, माझीच होती. फक्त त्या चार तासांनंतर मला अशी रायफल हवी झाली जी माझी चूक पोटात घालेल.

इथले लोक मात्र वाद घालतात तो नेमकेपणाचा. शंभर यार्डांवर तीन गोळ्या अर्ध्या इंचात पडतात की पाऊण इंचात, यावर संध्याकाळी जातात. मला तो वाद पोकळ वाटतो. नेमकेपणा मुख्यतः नळी, काडतूस आणि दस्त्यात ॲक्शन कशी बसवली यातून येतो. शिवाय एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग फूटभर तरी असतो. पाव इंचासाठी भांडणारा माणूस थंडीत धापा टाकत उभ्यानं गोळी मारतो तेव्हा ते पाव इंच कुठे जातं, देव जाणे. काडतूस मी .३०-०६ मापाचं घेतोय, ते लांब, म्हणून ॲक्शनही लांब. त्याहून आखूड .३०८ असतं तर आखूड ॲक्शन चालली असती. त्यावर याहून जास्त विचार केला नाही.

सेफ्टीवर, म्हणजे चुकून बार उडू न देणाऱ्या खटक्यावर, मात्र केला. मॉडेल ७० ची सेफ्टी तीन टप्प्यांची, आणि ती काडतुसाच्या बुडावर आदळणारी फायरिंग पिनच थेट अडवते. मधल्या टप्प्यावर सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते. १९८२ पूर्वीच्या रेमिंग्टनमध्ये सेफ्टी बोल्टलाही कुलूप लावायची, म्हणजे रिकामी करायला आधी सेफ्टी काढावी लागे. घरात लहान मूल आहे माझ्या. त्याच्या शाळेत गोळीबार झाला तर कुठे लपायचं याचा सराव होतो. तशी बातमी आली की आत्या फोन करून विचारते, "आणि तू घरात बंदूक ठेवतोस?" तिजोरी आहे, काडतुसं वेगळी ठेवतो, एवढंच सांगतो. त्यानं तिचं समाधान होत नाही आणि खरं तर माझंही होत नाही. म्हणून इथली मोकळीक तिकडे न्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तिकडच्या वादात मला एक गोष्ट खटकते. रानडुकरं भात लोळवतात, वानर काजू ओरबाडतात, आणि चर्चा ठरलेल्या दोन टोकांना जाते: मारा किंवा मारू नका. २०१६ मध्ये नीलगायींवरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकाच मंत्रिमंडळातले दोघे, जाहीरपणे भिडले, तेव्हाही तेच. मारायचंच ठरलं तर कोण मारणार, कशानं, आणि जखमी जनावराच्या मागे कोण जाणार, हे कुणी विचारत नाही. यवतमाळच्या टी-१ वाघिणीला माणसं मारल्यावरून गोळी घातली तेव्हा, २०१८ मध्ये, भुलीचा डार्ट आधी की गोळी आधी हा प्रश्न निघाला, तोही ती मेल्यावर.

मामाकडे आजोबांच्या नावावरून आलेला शेतीसंरक्षण परवाना आहे आणि ठासणीची बंदूक. दारू भरा, गजानं ठासा, एक बार. जखमी डुक्कर उलटून अंगावर आलं तर दुसरा बार भरेपर्यंत ते थांबणार आहे थोडंच? डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, म्हणून मामा हवेतच बार काढतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची अट आली, पण त्याचा परवाना त्याआधीचा. मी मात्र इथे शिकारीच्या परवान्याआधी बारा वर्षांच्या पोरांशेजारी वर्गात बसून कुंपण ओलांडताना रायफल कशी धरायची ते शिकलो. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला तो वर्ग चुकत नाही.

त्या कॉलच्या वेळी मामाकडे तीही बंदूक नव्हती. लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. बागेत काजू पिकला होता. "वानरांना आचारसंहिता कोण सांगणार?" मामा म्हणाला. इथे नोव्हेंबरातलं मतदान ऐन हंगामात येतं आणि रायफल कुणी मागत नाही, हे ऐकून तो हसला, पण फारसा नाही.

मग म्हणाला, "तो पंजावाला परत ओढून दाखव." मी फोनजवळ बोल्ट मागेपुढे केला. त्यानं आणखी एकदा करायला लावला.

"गज नाहीच लागत?"

"नाही."

"नळी कधी बसणार?"

"जूनमध्ये."

"मग माझी पण तेव्हाच सुटेल," मामा म्हणाला, आणि वानर हाकायला डबा वाजवत निघून गेला.