कोनशिलेपुरती भिंत मोकळी ठेवा

अभिनंदन! शंभरी ओलांडलेल्या संस्थेचे तुम्ही कार्यवाह झालात. किल्ल्यांचा जुडगा, गेल्या सभेचं कच्चं इतिवृत्त आणि माळ्यावरची जुनी छापील चित्रं आता तुमच्या ताब्यात. घाबरू नका. चित्रांच्या नावाने पैसा उभारायचा, तो खर्चायचा आणि चित्रांपर्यंत मात्र पोचू द्यायचा नाही, याची पद्धत घालून दिलेली आहे. तुम्ही ती मोडू नका म्हणजे झालं.

सुरुवात डेडस्टॉक रजिस्टरपासून करा. तिथे ‘फ्रेम, लाकडी, काचेसह, नग ४३’ अशी नोंद असेल. आत काय आहे ते रजिस्टर विचारत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातली लक्ष्मी असो की पुण्याच्या चित्रशाळेचं रामपंचायतन, हिशेब फ्रेमचा.

एखादी फ्रेम उघडायचा मोह झालाच, तर लक्ष्मीची उघडा. साडीच्या काठावर कुणा माउलीने हौसेने जर शिवलेली आहे, आता काळी पडलेली. खाली उजवीकडे फाटलं होतं तिथे सेलोटेप. टेप कधीच वाळून गळाली. तिचा गोंद काकवीच्या रंगाचा होऊन कागदात मुरलाय. मागे बॉलपेन दाबून घातलेला दाखल क्रमांक पुढून कमळाच्या पाकळीवर उठलाय. पाठीशी लावलेल्या स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरून कडेने तपकिरी चौकट उमटलीय. हे सगळं चित्र जपण्यासाठीच केलेलं आहे, हे विसरू नका.

आता निधी. सरकारदरबारी जाणार असाल तर व्याख्या वाचून जा. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन निघालं. त्याच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेलं आणि किमान ७५ वर्षं जुनं. शिळाछाप आणि छापील पुस्तकं त्यात बसत नाहीत, असंही स्पष्ट नमूद. म्हणजे एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकावर एक रंग बिनचूक बसवून ज्यांनी लक्ष्मी छापली, त्यांचं तिथेच चुकलं. मागचा बॉलपेनचा क्रमांक मात्र हाताने लिहिलेला आहे. थोडी वर्षं कळ काढा, तो पात्र ठरेल.

मग कंपन्यांकडे वळा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती आणि कलाकृतींचं जतन हे सगळं आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर खर्चायच्या, नफ्यातल्या त्या प्रसिद्ध दोन टक्क्यांवर तुमचाही हक्क पोचतो. पलीकडची व्यक्ती अतिशय सौजन्याने विचारेल, ‘‘लाभार्थी किती?’’ गोंधळू नका. कसर धरून आकडा सांगा.

आणि मागा काय? जपानी कागद मागू नका. आम्लविरहित पेट्या मागू नका. जुनी चित्रं शास्त्रशुद्ध दुरुस्त करणाऱ्या संवर्धकाचा पगार तर चुकूनही नको. पगाराचं उद्घाटन करता येत नाही. एसी मागा, लगेच मिळेल, वर देणगीदाराच्या नावाची पाटीही येईल. वीजबिल कुणी देणार नाही, म्हणून तो अकरा ते पाच चालवा आणि शिपाई निघाला की बंद करा. श्रावणात कागद दिवसा आक्रसतो, रात्री फुगतो. एसी नव्हता तेव्हा बिचारा निदान एका जागी दमट तरी होता.

समितीतला कुणी उत्साही तरुण एखाद्या प्रशिक्षित संवर्धकाला घेऊन येईलच. त्या बाई चित्र भिंगाखाली धरून अर्धा तास गप्प बसतील. मग सांगतील : आधी मऊ ब्रशने धूळ, मग टेपचा गोंद द्रावकाने कणाकणाने सोडवायचा, वर वार्निश आहे म्हणून पाणी जपून, आणि शेवटी पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने मागून चिकटवायचा. एका चित्राला कित्येक दिवस. इथे कोषाध्यक्षांना बोलू द्या. ‘‘म्हणजे कुरडयांचा चीकच ना? आमच्या घरी दर उन्हाळ्यात निघतो की!’’ सभा हसेल, विषय पुढे जाईल.

पुढे म्हणजे दरपत्रकांकडे. नियमाने तीन हवीत आणि गावात संवर्धक एकही नाही. तेव्हा एक या बाईंचं, एक फ्रेमवाल्याचं आणि एक झेरॉक्सच्या दुकानातल्या लॅमिनेशनवाल्याचं घ्या. सर्वांत कमी दर कुणाचा निघतो ते मी सांगायला नको. तापलेल्या रुळांतून लक्ष्मी दोन प्लास्टिकच्या मधून बाहेर येते, चकचकीत, कोमट. पुन्हा कधीही सोडवता येणार नाही. म्हणजे काम कायमस्वरूपी, आणि लेखापरीक्षकाला कायमस्वरूपी हा शब्द फार आवडतो.

(दत्तक योजनाही काढून पाहा. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला चटकन जातात. साबणाच्या जाहिरातीचं कॅलेंडर आणि काडेपेटीची लेबलं कुणी घेत नाही. ती अभ्यासकांसाठी ठेवा. अभ्यासक पैसे देत नाहीत.)

अनुदान आलंच तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येईल आणि ३१ तारखेच्या आत त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जायला हवं. पाच दिवसांत एकच वस्तू मिळते : लोखंडी कपाट. सहा घ्या.

कपाटांच्या लोकार्पणाला पाहुणे बोलवा. उरलेल्या चित्रांतली दहा-बारा भिंतीवर लावा. कागदावरच्या चित्राला ५० लक्सच्या वर प्रकाश नको, असं त्या बाई सांगून गेल्या होत्या, पण व्हिडिओवाल्याला हॅलोजन लागतोच. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही हे खरं. पाहुणेही परत येत नाहीत.

फीत कापून झाल्यावर चित्रं कपाटात ठेवायला घ्याल, तेव्हा एक अडचण येईल. कपाटाचा कप्पा अठरा इंच खोल आणि चित्र वीस बाय अठ्ठावीस. खरेदीच्या वेळी मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण रजिस्टरात मापाचा रकानाच नाही. अशा वेळी वाद घालत बसू नका, सुरळी करा. शंभर वर्षांचं वार्निश तडकताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. पण अध्यक्ष त्या वेळी समारोपाला उभे असतात, टाळ्यांत तो ऐकू जात नाही.