मागचा सोफा

एडिटिंगच्या खोलीत एक सोफा असतो आणि तो कायम एडिटरच्या पाठीमागे असतो. कारण साधं आहे. मॉनिटर माझ्यासमोर, म्हणून बघणारे माझ्या मागे. पण त्यामुळे या धंद्यात मला जे काही ऐकवलं गेलं आहे, ते सगळं पाठीवर ऐकवलं गेलं आहे. चेहरे दिसत नाहीत, म्हणून मी आवाजांवरून अंदाज बांधतो. सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली, तर दिग्दर्शकाला कट खटकलाय. लांब सुस्कारा आला, तर निर्मात्याला अख्खा सिनेमाच लांब वाटतोय. आणि एका कोपऱ्यातून काहीच आवाज येत नसेल, तर तिथे निर्मात्याचे मेहुणे मोबाईल बघतायत. सर्वांत सविस्तर मत शेवटी त्यांचंच येतं.

मागे एका चौदा मिनिटांच्या लघुपटासाठी हा सोफा बरेच दिवस भरलेला होता. लघुपट आधी महोत्सवात जाणार होता आणि मग ऑनलाइन. म्हणजे एकदा अंधारात गप्प बसलेल्या लोकांसाठी आणि एकदा अंगठा उगारून बसलेल्या लोकांसाठी.

‘छान झालंय रे,’ दिग्दर्शक म्हणाला. ‘फक्त त्या भांडणात जरा ते हे येत नाहीये.’

‘हे म्हणजे?’

‘अरे, ते… हे.’

मॉनिटर त्या क्षणी काळा होता, म्हणून त्यात मला त्याचं प्रतिबिंब दिसलं. तो हवेत मूठ वळत होता. त्या मुठीच्या किती फ्रेम्स होतात ते शोधणं हे माझं काम. तेवढ्यात निर्मात्याने मार्ग काढला. ‘काही नाही भाऊ, फक्त दोन सेकंद काढा. पॅक होईल.’

फक्त दोन सेकंद. सिनेमाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने, या ४८ फ्रेम्स झाल्या. फिल्मच्या जमान्यात ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम्स बसायच्या, म्हणजे दोन सेकंद काढले की हातात तीन फूट पट्टी यायची. ती कापायची, टोकं चिकटवायची आणि कापलेला तुकडा नीट लटकवून ठेवायचा, कारण तोच तुकडा संध्याकाळी परत मागितला जाणार. एवढा व्याप डोळ्यांदेखत चालल्यावर मागे बसलेला माणूस पुढची सूचना जरा बेतानेच करत असणार. १९८९ साली ॲव्हिड हे संगणकावर एडिटिंग करायचं साधन आलं, कापणं बटणावर आलं आणि सोफ्याची भीड चेपली ती कायमची.

बटण दाबलं. दोन सेकंद गेले आणि त्यांच्यामागचं चित्र व संवाद पुढे सरकले. संगीत आणि सबटायटल्स मात्र जागची हलली नाहीत. दार आपटण्यावर बरोब्बर बसवलेली तबल्याची थाप आता दार आपटून झाल्यावर, नायक नुसता उभा असताना पडायला लागली. सबटायटल दोन सेकंद उशिरा, त्यामुळे बोलतेय नायिका आणि मजकूर येतोय नायकाच्या तोंडाखाली. हे सगळं दुरुस्त होतं, त्याचं काही नाही. खरी गंमत वाक्यात झाली. नायिकेचं वाक्य तिच्या चेहऱ्यावर सुरू होऊन पुढच्या, दाराच्या शॉटवर संपत होतं. अशा जोडाला आम्ही एल कट म्हणतो. वाक्य होतं, ‘मी तुला माफ करणार नाही.’ गेलेले दोन सेकंद नेमके दाराचे होते आणि त्यांच्याबरोबर शेवटचा ‘नाही’ही गेला. नायिका स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘मी तुला माफ करणार.’ त्यानंतर नायक आठ मिनिटं रडतो.

‘बघा, कसं पॅक झालं!’ मेहुणे म्हणाले.

तरी कापा म्हणणारे परवडले. ‘हात लावू नको’ म्हणणाऱ्यांपुढे काही चालत नाही. लघुपटाची सुरुवात सूर्योदयाने होती. चाळीस सेकंद. सूर्य वर येतो, बस्स. मी नुसता माउस तिकडे नेला तरी स्प्रिंग कुरकुरायची.

‘त्यासाठी अंधारात डोंगर चढलोय आम्ही. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन.’

‘अरे, पण प्रेक्षकाला डोंगर दिसत नाही. त्याला सूर्य दिसतो.’

‘कॅमेरामनला ताप होता!’

वॉल्टर मर्च या थोर संकलकाचं म्हणणं असं, की एडिटरने शक्यतो शूटिंगकडे फिरकू नये. म्हणजे शॉट मिळवताना कोणाचे किती हाल झाले हे त्याला कळत नाही आणि फ्रेममध्ये आहे तेवढंच तो बघतो. मी शूटिंगला गेलो नव्हतो. पण शूटिंग रोज माझ्याकडे येऊन सोफ्यावर बसत होतं, तापासकट. मर्च उभ्याने काम करतात. शस्त्रक्रिया करणारे आणि स्वयंपाक करणारे उभेच असतात, मग एडिटरने का बसावं, असा त्यांचा युक्तिवाद. मला वाटतं, उभं राहिलं की मागे वळून रोखून बघता येतं, हा त्यातला खरा फायदा.

नायकाचं दुखणं निराळं होतं. त्याच्याकडे चेहरा एकच होता. आई गेल्याची बातमी असो, नोकरी लागल्याची असो, तोच. यावरचा इलाज मात्र शंभर वर्षांचा जुना आणि खात्रीचा आहे. रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने मोझूखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आळीपाळीने सूपची वाटी, शवपेटीतलं मूल आणि दिवाणावर रेललेली बाई जोडली. (सोफा तिथेही होताच.) बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली. मीही नायकाचे बरे चार सेकंद निवडले. एकदा आईच्या फोटोपुढे लावले, एकदा रिकाम्या फलाटापुढे, आणि तिसऱ्यांदा कोणाला संशय नको म्हणून डावं-उजवं उलटवून.

मेहुण्यांनी मोबाईल खाली ठेवला. ‘या पोराला पुढच्या सिनेमात घ्यायचाच. डोळ्यांनी बोलतो.’

आता निरोपाचा प्रसंग. टेक भरपूर होते, पण नायिकेचा आवाज खरोखर कापला तो एकाच टेकमध्ये. आणि त्याच टेकमध्ये तिच्या खांद्याच्या मागे, लांबवर, एक गृहस्थ निळी बादली घेऊन फ्रेममध्ये येतात आणि थेट कॅमेऱ्यात बघतात. बाकीच्या टेक्समध्ये बादली नव्हती आणि नायिकाही नसल्यासारखीच होती. कट कुठे मारावा यासाठी मर्चनी टक्केवारीच देऊन ठेवली आहे. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, असं करत शेवटी जागेच्या सातत्याला जेमतेम ४. बादली फार तर या शेवटच्या चार टक्क्यांतली बाब. मी बिनदिक्कत तो टेक घेतला, आणि आजही तोच घेईन. लोक तिच्या डोळ्यांकडे बघणार होते आणि सोफ्यानेही तेच केलं. सूर्योदय अर्ध्या सेकंदाने जरी लहान केला तरी ज्यांना झोपेत कळायचं, त्यांना इतक्या वेळा बघून बादली एकदाही दिसली नाही.

महोत्सवात सगळं सुरळीत झालं. अंधार, मोठा पडदा, आणि उठून जायचं तर अख्ख्या रांगेचे गुडघे ओलांडावे लागतात. अशा प्रेक्षकासमोर सूर्य सावकाश उगवला तरी चालतो. ऑनलाइन प्रेक्षकाला कोणाचे गुडघे आड येत नाहीत. शिवाय तो कुठे बसून बघतोय, आवाज बंद ठेवून बघतोय का, पूर्ण बघणार आहे का, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हातात पडतो तो आलेख. कोणत्या सेकंदाला किती लोक टिकून होते, त्याची एक रेषा. महोत्सवात कोण कधी पेंगला याचा पुरावा राहत नाही. इथे तो सेकंदासकट मिळतो.

आलेख उघडला तेव्हा सोफा गच्च भरला होता. पहिल्याच चाळीस सेकंदांत सूर्य वर येत होता आणि रेषा खाली. दिग्दर्शक काही बोलला नाही. कॅमेरामनच्या तापाचाही विषय निघाला नाही. रेषा भांडणात थोडी सावरली, मग पुन्हा उतरत गेली, आणि अकराव्या मिनिटाला अचानक टेकडीसारखी वर आली. लोक मागे जाऊन तोच भाग पुन्हा बघतात तेव्हा रेषा अशी वर येते.

‘निरोप!’ दिग्दर्शक उठून उभा राहिला. ‘लोक परत परत बघतायत! सांगत होतो ना, तो सीन काळजाला हात घालतो!’

मी त्याला प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. ‘बादलीवाले काका कोण आहेत?’ ‘काकांसाठी तिसऱ्यांदा आलो.’ ‘हिरोपेक्षा काकांचे डोळे जास्त बोलतात.’ त्यावर मेहुण्यांनी त्रयस्थपणे मान हलवल्याचं मॉनिटरमध्ये दिसलं.

निर्माता मात्र व्यवहारी माणूस. त्याने लगेच काकांची उभी क्लिप मागितली, फोनवर भरून दिसेल अशी. आडव्या १६:९ चित्रातून ९:१६ चं उभं चित्र कापलं की रुंदीचा तिसऱ्यापेक्षाही थोडा कमी हिस्सा उरतो. १९२० पिक्सेलमधले साधारण ६०८. तेवढ्यात रडणारी नायिका आणि बादलीवाले काका दोघं मावत नाहीत. हे मी समजावून सांगितलं, फ्रेमवर चौकट सरकवून दाखवलं, आणि निर्णयासाठी थांबलो.

‘नायिका जाऊ दे,’ दिग्दर्शक म्हणाला. ‘खांदा राहू दे तिचा, ओळखीपुरता. आणि काकांचं अजून फुटेज बघ ना.’

बघितलं. काका फ्रेममध्ये आहेत एकूण अठरा फ्रेम्स, म्हणजे पाऊण सेकंद. तेवढ्यात त्यांना कॅमेरा दिसतो, ते दचकून झुडपामागे खाली बसतात आणि टेक संपेपर्यंत वर येत नाहीत. बादली तेवढी झुडपाच्या वर धरलेली राहते. चांगली अर्धा मिनिट.

‘बादली होल्ड कर,’ मेहुणे म्हणाले. ‘त्यात फील आहे.’